चौदा सुया

मी ज्या शाळेत सव्वीस वर्षे शिकवले, त्या शाळेकडे घरून जायला दोन रस्ते होते. एक पिठाच्या गिरणीवरून, सात मिनिटांचा. दुसरा देवळाला वळसा घालून, वीस मिनिटांचा. सव्वीस वर्षे मी दुसऱ्या रस्त्याने गेले. बरोबरच्या बाई विचारायच्या, तर "तेवढाच व्यायाम होतो हो" असे सांगायची. खरे कारण गिरणीच्या ओट्याखाली झोपलेले असायचे. कधी दोन, कधी चार. शेपटीत तोंड खुपसून.

आणि मंडळी, वर्गात मी काय शिकवत होते? पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव! कुत्र्याला सोडून स्वर्गात यायचे नाही म्हणून दारातच अडून बसलेला युधिष्ठिर! घरात देवघरावर दत्ताची तसबीर, तिच्यात चार कुत्री, त्यांना रोज उदबत्ती ओवाळायची. गिरणीवरच्या चौघांना मात्र देवळाचा वळसा. आता चौऱ्याहत्तरी गाठल्यावर हे कबूल करायला हरकत नाही. लोक फार तर हसतील.

पण हसण्यावारी नेता येणार नाही असेही त्यात थोडे आहे, म्हणून आज लिहायला बसले.

१९५९ साल. मी आठ वर्षांची, तिसरीत. साताऱ्यापासून आठ-दहा मैलांवर आमचे गाव. उन्हाळ्यात ओढ्यावरून येताना एक पिवळट कुत्रे मागून आले आणि पोटरीला डसले. ते गावात आणखी दोघांना चावले, एका म्हशीलाही. संध्याकाळी लोकांनी त्याला काठ्यांनी मारले. आजीने जखमेत तिखट भरले, तो त्या काळचा उपाय. वडील मात्र दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने मला साताऱ्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मग रोज एक याप्रमाणे चौदा दिवस बेंबीभोवती चौदा इंजेक्शने. काचेची सिरिंज, उकळत्या पाण्यातून काढलेली जाड सुई. एक दिवस बेंबीच्या डावीकडे, एक दिवस उजवीकडे. पोट टणक होऊन दुखायचे. परत येताना वडील एसटी स्टँडवर एक लिमलेटची गोळी घेऊन द्यायचे. चौदा सुया, चौदा गोळ्या. वडिलांनी चौदा दिवस शेत टाकून दिले होते, हे मला फार नंतर कळले.

मी वाचले. आणि शाळेत एकदम मोठी झाले. मधल्या सुट्टीत पोरे भोवती गोळा व्हायची. मी सुईची लांबी हाताने दाखवायची. पहिल्या दिवशी वीतभर असलेली सुई आठवड्यात हातभर झाली. मला चार जणांनी धरून ठेवले होते, सुई पाठीतून बाहेर येते की काय असे वाटले होते, असे काय काय सांगायची. पोरे डोळे मोठे करून ऐकायची. त्यांत माझ्या पुढच्या रांगेत बसणारा एक मुलगा होता. फार हळवा. तो कान झाकून घ्यायचा, म्हणून मी अजून रंगवून सांगायची.

१९६१ मध्ये त्याला शेतावर एक कुत्र्याचे पिल्लू चावले. बोटाला, अगदी थोडेसे. त्याने घरी सांगितले नाही. फक्त धाकट्या भावाला सांगितले आणि शपथ घातली, कारण घरी कळले तर "त्या सुया" टोचतील. दीड-दोन महिन्यांनी तो आजारी पडला. पाण्याचा तांब्या समोर आणला की त्याचे काय व्हायचे ते मी इथे लिहीत नाही. तीन-चार दिवसांत गेला. मग धाकट्याने सगळे सांगितले.

आई मला घेऊन त्यांच्याकडे बसायला गेली होती. त्याची आई म्हणाली, "सुयांना भ्याला गं माझा बाळ." मला कुणीच काही बोलले नाही. त्या सुया कुणाच्या तोंडून त्याच्या कानांत गेल्या होत्या, हे मोठ्यांपैकी कुणाला माहीत नव्हते. मला माहीत होते. त्यानंतर मी सुयांची गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. कुत्र्यांची भीती मात्र दुप्पट झाली. कुत्रे दिसले की पोटरी आठवायची, आणि तिच्या मागोमाग तो.

असो. वर्षे गेली. नोकरी, संसार, निवृत्ती. मुलाकडे पुण्याला राहायला आले. धाकटी नात माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. २०२२ मधली गोष्ट, ती तेव्हा सहा वर्षांची. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक कुटुंब आहे, त्यांनी रस्त्यावरचा एक गावठी कुत्रा पाळला आहे. मोत्या. म्हातारा, एका कानाने पडका. एक दिवस जिन्यात मोत्या समोर आला, तर नातीने माझा हात घट्ट धरला, पाठीमागे लपली आणि थरथरायला लागली. सून म्हणाली, "आई, हिला तर कधी कुत्रं चावलेलंही नाही. ही कुठून शिकली एवढं घाबरायला?"

मी गप्प बसले. कुठून शिकली ते मला कळले होते. सहा वर्षे तिचे बोट माझ्या हातात होते. रस्त्यात कुत्रे दिसले की माझी मूठ आवळली जायची, पाऊल थबकायचे. तोंडाने मी एक अक्षर बोलले नसेन. पण बोटातून सगळे गेले. एकदा मी एका मुलाला शब्दांनी भीती दिली होती. आता नातीला न बोलता दिली.

त्या रात्री झोप लागली नाही. मी इतिहासाची बाई. काही अडले की मागे जाऊन शोधायची खोड. म्हटले, या सुया आल्या कुठून, आणि ही भीती घालवायचा उपाय कुणी कधी काढला, ते तरी पाहू. पुढचे काही महिने वाचनालय आणि मुलाचा संगणक, दोन्हींना सुट्टी दिली नाही.

सुयांचा उगम फ्रान्समध्ये. लुई पाश्चर आठ-नऊ वर्षांचा असताना, १८३१ मध्ये, त्याच्या आर्ब्वा गावात एक पिसाळलेला लांडगा शिरला होता. त्या काळी उपाय एकच, जखम तापल्या लोखंडाने डागायची. चावलेल्या माणसांना लोहाराकडे नेऊन डागताना छोट्या पाश्चरने पाहिले होते. म्हणजे माझ्याएवढ्याच वयात त्यालाही हे भय दिसले होते! पुढे चौपन्न वर्षांनी, ६ जुलै १८८५ रोजी, अल्सेस प्रांतातून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पॅरिसला त्याच्याकडे आली. मुलाचे नाव जोसेफ माइस्टर. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला ठिकठिकाणी फाडले होते. पाश्चरने सशांच्या मज्जारज्जूतला विष वाळवून सौम्य केला होता, पण माणसावर त्याचा गुण अजून सिद्ध झाला नव्हता. शिवाय पाश्चर डॉक्टर नव्हता, रसायनशास्त्रज्ञ होता. म्हणून सुई डॉक्टरांनी टोचली. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडे जास्त जहाल औषध, अशा तेरा सुया. मुलगा जगला. मोठेपणी तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच द्वारपाल होता.

हिंदुस्थानात ही सोय यायला १९०० साल उजाडले. त्याआधी चावलेल्या गोऱ्या सैनिकांना उपचारासाठी पॅरिसला पाठवत. इथल्या शेतकऱ्याच्या पोराला कोण पाठवणार? १९०० मध्ये सिमल्याजवळ कसौलीला पाश्चर संस्था निघाली. तिथेच १९११ मध्ये डेव्हिड सेम्पल यांनी नवी लस तयार केली. मेंढीच्या मेंदूत वाढवलेला विषाणू, फिनॉलने मारलेला. ही लस स्वस्त होती, देशातच करता येत होती आणि लांब पाठवताही येत होती. साताऱ्याच्या दवाखान्यात माझ्या पोटात गेली ती हीच. तिने किती जीव वाचवले याला गणती नाही. पण मेंदूचा अंश असल्यामुळे मात्रा मोठी लागायची, दुखायचे आणि क्वचित कुणाला त्या लसीनेच पक्षाघात व्हायचा. पेशींवर वाढवलेल्या नव्या लशी आल्यावरही गरिबाला परवडणारी म्हणून ती आपल्याकडे टिकून राहिली. २००४-०५ च्या सुमारास ती बंद झाली. आता पोटात सुई नाही. दंडावर बारीक सुया, चार किंवा पाच, त्याही ठरलेल्या दिवसांच्या अंतराने. चौदा सुयांचा राक्षस मरून वीस वर्षे झाली. तरी आजही लोक कुत्रे चावले की पहिल्यांदा "पोटात चौदा" असेच म्हणतात. औषध बदलते, त्याची दहशत पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते.

वाचता वाचता आणखी एक कळले. ही भीती एकेका माणसाची असते तशी गावाचीही असते. कंपनी सरकारने मुंबईत १८१३ पासून उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा नियम केला होता. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली गेली. मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळायचे, त्यामुळे मारणारे पाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. त्या वर्षी जूनमध्ये पारशी लोक संतापून रस्त्यावर आले, हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यांच्याबरोबर. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडवली गेली, शेवटी फौज बोलवावी लागली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई वगैरे मंडळींनी भुलेश्वरला पांजरपोळ काढला, तो याच प्रकरणातून.

एका बाजूला पिसाळलेल्या कुत्र्याचे भय, दुसऱ्या बाजूला भूतदया. दोन्ही खरी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतली भटकी कुत्री निवाऱ्यात डांबायची की लस टोचून परत सोडायची, यावर सर्वोच्च न्यायालयात आणि घराघरांत वाद झाला, तेव्हा मला ही १८३२ ची मुंबई आठवली. या वादात मला गोव्याचे उदाहरण आशेचे वाटते. तिथे वर्षानुवर्षे गावोगाव फिरून, जाळ्याने पकडून, कुत्र्यांनाच लस टोचली. १८३२ नंतरही शंभर-दीडशे वर्षे ठिकठिकाणी कुत्री मारली गेली, त्याने रेबीज गेला नाही. गोव्यात २०१८ पासून पुढे काही वर्षे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असेल तर रोगाची साखळी तुटते, असे तज्ज्ञ सांगतात. भुलेश्वरचा दयाळू शेटजी आणि पोराला जपणारी आई, या एका सुईत दोघांचेही समाधान आहे.

हे झाले रोगाचे. पण माझ्या मुठीचे काय? मोत्याला दरवर्षी लस देतात, गळ्यात पट्टा आहे, दात निम्मे पडलेत. हे सगळे मला ठाऊक होते, आणि तरीही जिन्यात पाऊल उचलत नव्हते. ज्ञानाने भीती जात नाही, हे एका शिक्षिकेला कबूल करणे जड गेले.

या शोधात मला एक छोटा मुलगा भेटला, पीटर. अमेरिकेतला, तीन वर्षांचाही नसलेला. त्याच्या आधीची गोष्ट अशी की १९२० मध्ये वॉटसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एका तान्ह्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती मुद्दाम लावली. बाळ उंदराजवळ गेले की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा. मग ते बाळ उंदरालाच नाही, सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही भिऊ लागले. भीती लावता येते हे सिद्ध झाले आणि प्रयोग तिथेच संपला. ती काढून टाकायचे काम त्यांनी केलेच नाही! ते काम मेरी कव्हर जोन्स या तरुण बाईंनी हाती घेतले, वेगळ्या मुलावर. १९२४ मध्ये त्यांनी पीटरची हकीकत लिहिली. पीटर सशाला भ्यायचा. त्याला खुर्चीत बसवून आवडता खाऊ द्यायचा आणि ससा पिंजऱ्यात, लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा. तो खातोय तोवर ससा थोडा पुढे. रडला की थोडा मागे. जे भीत नाहीत अशी दुसरी मुलेही खोलीत आणायची. मध्येच पीटर आजारी पडला, दवाखान्यातून निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर झेपावला आणि सगळी कमाई पाण्यात गेली. जोन्सबाईंनी पुन्हा लांबच्या टोकापासून सुरुवात केली. शेवटी पीटरने सशाला बोटे चावू दिली.

हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. कुत्रा झेपावल्यावर बाई त्याला ओरडल्या नाहीत. मी वर्गात किती भित्र्या पोरांना "काय मुलगा आहेस की कोण" म्हणून उभे केले असेल!

आणि १९६७ मध्ये अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट कुत्र्याला भिणारी मुलेच घेतली. बालवाडीतली, तीन ते पाच वर्षांची. उपदेश काही नाही. फक्त एका न भिणाऱ्या मुलाला कुत्र्याशी खेळताना पाहायचे. तीन-तीन मिनिटे, दिवसातून दोनदा, चार दिवस. तो मुलगाही रोज थोडा जास्त धीट होत जाणार. एवढ्यावर दोन-तृतीयांश मुले शेवटी कुत्र्याबरोबर त्याच्या कुंपणात एकटी थांबली.

म्हणजे जी वाट भीती आत यायला वापरते, त्याच वाटेने धीरही येतो. पाहून पाहून. माझ्या नातीने माझ्याकडे पाहून भीती घेतली होती. आता धीरही माझ्याकडेच पाहून घ्यायचा, तर आधी माझ्याजवळ तो हवा ना!

मग आम्ही दोघींनी ठरवले. म्हणजे ठरवले मी, तिला सांगितले, "आजीला मोत्याची भीती वाटते, मला मदत करशील का?" ती एकदम गंभीर झाली. तिला इतके दिवस वाटत होते की भीती फक्त लहानांना वाटते.

रोज संध्याकाळी साडेपाचला खालचा दादा मोत्याला अंगणात आणायचा. आम्ही पहिला आठवडा गच्चीतून पाहिले. दुसऱ्या आठवड्यात अंगणातल्या पार लांबच्या बाकावर, डब्यात चिवडा घेऊन. (पीटरचा खाऊ लक्षात होता.) दर दोन-तीन दिवसांनी एक बाक पुढे. एकूण बाक पाच! दादा मोत्याच्या कानामागे खाजवायचा, तोंडाजवळ हात न्यायचा, आम्ही चिवडा खात पाहायचो. एकदा मोत्या एका मांजरावर भुंकत आमच्या दिशेने पळत आला. आम्ही दोघी बाकावर चढलो! चौऱ्याहत्तरीकडे झुकलेली बाई बाकावर उभी, हे दृश्य इमारतीत बरेच दिवस गाजले. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा शेवटच्या बाकावर. जोन्सबाईंची आठवण काढली आणि चिवडा उघडला.

तीन महिन्यांनी एका संध्याकाळी मोत्या आपणहून आला आणि माझ्या पायाशी बसला. पोटरीला त्याचा श्वास लागला, ६३ वर्षांपूर्वीच्या त्याच पोटरीला. दादा म्हणाला, "आजी, मूठ करून पुढे धरा, वास घेऊ दे." मी धरली. त्याचे नाक गार होते. मग मी त्याच्या मानेवर हात ठेवला. नात माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती, हाताकडे पाहत होती.

"आजी, तुझा हात थरथरतोय."

"हो गं, थरथरतोय."

"मग काढ ना."

"राहू दे. थांबेल."

खोटे सांगणार नाही, तो त्या दिवशी थांबला नाही. पण थोड्या वेळाने माझ्या हाताशेजारी तिचा हात आला.

अजूनही अनोळखी कुत्र्यापासून आम्ही दोघी लांबूनच जातो, आणि ते योग्यच आहे. खाणाऱ्या, झोपलेल्या, पिलांजवळच्या कुत्रीच्या वाटेला जायचे नाही, पळायचे नाही, टक लावून पाहायचे नाही, हे तिला शिकवले आहे. भीतीतला जो शहाणपणाचा भाग आहे तो ठेवायचा.

गेल्या-त्या वर्षी, २०२४ मध्ये, ती आठ वर्षांची झाली. माझ्या वेळच्या वयाची. बागेत एका पिलाशी खेळताना त्याचे दात तिच्या बोटाला लागले, बारीकसे रक्त आले. बोट! ती पळत घरी आली आणि दारातूनच ओरडली, "आजी, मला पिल्लू चावलं!" माझ्या आयुष्यात कुठल्या वाईट बातमीने एवढा आनंद झाला नसेल. वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली. घड्याळ लावून. तिखट नाही, चुना नाही, हळद नाही. आणि लगेच दवाखाना.

पहिली सुई झाल्यावर तिने विचारले, "आजी, तुला किती दिल्या होत्या?"

साठ वर्षांहून अधिक काळ मी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. "चौदा," म्हटले. "दुखायच्या. रोज आजोबा एक गोळी द्यायचे." सुईची लांबी मी हाताने दाखवली नाही. मग घरी आल्यावर तिला माझ्या पुढच्या रांगेत बसणाऱ्या त्या मुलाबद्दलही सांगितले, जेवढे आठ वर्षांच्या मुलीला सांगता येईल तेवढे. त्याने घरी सांगितले असते तर तो आज माझ्याएवढा म्हातारा असता, हेही सांगितले. मी काय केले होते तेही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू तेव्हा लहान होतीस ना." मी हो म्हटले. तिने मला सोडवले, मी स्वतःला अजून पुरते सोडवलेले नाही.

मंडळी, एकच मागणे आहे. आज घरातल्या लहानांना सहज विचारा, कुत्रे किंवा मांजर चावले, ओरबाडले तर पहिल्यांदा कुणाला सांगशील? त्यांनी तुमचे नाव चटकन घेतले तर काळजी नाही. घुटमळले, तर घरात कुणी सुया रंगवून सांगतेय का, ते बघा.